नाव बदलते, दायित्व कोणाचे?

मुंबईची टॅक्सी म्हणजे ‘फियाट’ हे समीकरण इतके रुजले होते, की १९७४ पासून त्या मोटारीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी अक्षरे असूनही उतारू आणि चालक तिला फियाटच म्हणत राहिले. इटालियन फियाट ११०० ही कुर्ल्याच्या कारखान्यात आधी ‘डिलाइट’ झाली, मग ‘प्रेसिडेंट’, मग ‘पद्मिनी’. सांगाडा तोच, पाटी तेवढी निराळी. त्यात गैर काही नव्हते. परकीय नाव गेले तरी गाडी येथेच बनत राहिली आणि कामगाराची चूल पेटती राहिली.

कल्याणची कथा वेगळी आहे. डोंबिवलीहून शीळकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९४ मध्ये फ्रेंच भागीदारीतून ‘प्यूजो ३०९’ तयार होऊ लागली. नव्या आर्थिक धोरणाचे फळ म्हणून तिचे कौतुक झाले. पण हे फळ पुष्कळ हातांतून फिरून आले होते. क्रायस्लरचे युरोपातील कारखाने प्यूजोने १९७८ मध्ये विकत घेतले आणि त्यांना ‘टॅलबॉट’ हे जुने नाव दिले. ही मोटार मुळात टॅलबॉट म्हणून आखली गेली होती. ते नाव बाजारात चालेना, तेव्हा १९८५ मध्ये तिच्यावर प्यूजोची मुद्रा बसली. क्रमांकसुद्धा ३०५ च्या पुढचा ३०६ नव्हे, एकदम ३०९! युरोपात १९९३ साली ३०६ अवतरली आणि तिकडे उतरणीला लागलेली ३०९ इकडे नवलाई ठरली.

गाडी वाईट होती असे नव्हे. प्रश्न गाडीचा नाहीच. १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार निघून गेला. कारखान्यातील अशांततेची तेव्हा बरीच चर्चा झाली. परंतु आपले नाव उचलून घरी परतण्याची मुभा दोहोंपैकी एकाच पक्षाला होती, याची चर्चा फारशी झाली नाही. डोंबिवलीच्या चाळीत राहणारा जोडारी कोणत्या देशात परतणार होता?

कायद्याचे छत्र आहे, पण तोकडे. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनीच्या विसर्जनाच्या वेळी कामगारांचे देणे तारणधारक सावकारांच्या बरोबरीचे ठरले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी आधीच्या २४ महिन्यांच्या देण्यापुरती ठेवली. दोन्ही तरतुदी जाग्या होतात त्या कंपनी मरणपंथाला लागल्यावर. भागीदार धडधाकट असताना उठून गेला, तर त्या काय कामाच्या?

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबविले; २०२३ मध्ये तोच कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. करार जमिनीचा, इमारतींचा, यंत्रांचा होता. जुने कामगार त्या यादीत नव्हते. परदेशी कंपनीला जमीन आणि सवलती देताना राज्य सरकार अनेक अटी लिहून घेते. त्यांत आणखी एक घालावी: नाव काढून घेणाऱ्या भागीदाराने आपल्या काळातील वेतन, उपदान आणि नुकसानभरपाई यांची रक्कम हमी म्हणून आधीच सरकारकडे ठेवावी, आणि कारखाना विकत घेणाऱ्याने जुन्या कामगारांना प्रथम बोलावावे.