निळा रंग, लाल उजेड आणि नाकातले पाहुणे



घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की केवढी धावपळ होते, नाही का? मंचरला जायचं, नारायणगावला की थेट पुण्याला, यावर मोठ्यांची चर्चा. डबा कोण नेणार, गाईम्हशींचं कोण बघणार, हा आईला घोर. या गडबडीत डॉक्टर एक साधी सूचना देतात, "येताना साबण लावून स्वच्छ आंघोळ करून या." त्यावर आजोबा कुरकुरतात, "ऑपरेशन गुडघ्याचं, मग आंघोळ कशाला सगळ्या अंगाला?"

प्रश्न चांगला आहे. डॉक्टरांचे हात धुतलेले, हातमोजे नवे, हत्यारं वाफेवर निर्जंतुक केलेली. मग जखमेत जंतू येतात तरी कुठून? उत्तर ऐकून आजोबाही चकित होतील. बऱ्याच वेळा ते येतात त्यांच्याच अंगावरून, आणि पुष्कळदा त्यांच्याच नाकातून!

या जंतूची आणि आपल्या जुन्नर तालुक्याची एक गंमतशीर ओळख आहे, बरं का. १८८० साली स्कॉटलंडमधले सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना बारीक गोल जंतू दिसले, घोळक्यानं चिकटलेले, अगदी द्राक्षाच्या घडासारखे! ग्रीक भाषेत घडाला 'स्टॅफिली' म्हणतात. त्यावरून नाव पडलं स्टॅफिलोकोकस. त्यातला एक सोनेरी रंगाचा, म्हणून 'ऑरियस'.

हा सोनेरी पाहुणा दर तीन माणसांपैकी साधारण एकाच्या नाकात राहतो आणि एरवी काही त्रास देत नाही. पण आपला हात नाकाला लागतो, नाकाचा हात अंगाला लागतो. कातडी शाबूत आहे तोवर ठीक. ऑपरेशनच्या वेळी कातडीला चीर पडली की पाहुण्याला आत शिरायला दार मिळतं. जखम चिघळते, दवाखान्यातला मुक्काम वाढतो. गुडघ्यात बसवलेल्या धातूवर जंतूंनी ठाण मांडलं तर कधी दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

म्हणून आधी आंघोळ, मग कातडीवर जंतुनाशक औषध आणि चीर देण्याआधी अँटिबायोटिकचं, म्हणजे प्रतिजैविकाचं इंजेक्शन. पण नाकाचं काय? नाकात लावायचं मलम आहे. ते दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस लावावं लागतं. शिवाय काही जंतू या मलमालाही आता दाद देत नाहीत. मग शास्त्रज्ञांना आठवण झाली एका जुन्या शोधाची.

१८९७-९८ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या म्यूनिक शहरात ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी प्रयोग करत होता. पाण्यातल्या पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगाचा काय परिणाम होतो, ते तो पाहत होता. रंग तोच, मात्रा तीच, तरी एका वेळी जीव लवकर मेले आणि दुसऱ्या वेळी बराच काळ जगले. असं का? फरक होता उजेडाचा! अंधारात रंग फारसा अपाय करत नव्हता. रंगाशिवाय नुसता उजेडही करत नव्हता. दोघं एकत्र आले की मात्र जीव मरत. १९०० साली राबनं हे छापून प्रसिद्ध केलं.

आता आपण जाऊ कॅनडातल्या व्हँकूवर जनरल हॉस्पिटलमध्ये. तिथं २०११ पासून ही युक्ती नाकासाठी वापरली गेली. ऑपरेशनच्या थोडं आधी रुग्णाच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाच्या काडीनं मिथिलिन ब्लू नावाचा निळा रंग लावायचा. मग एका लहान नळीतून आत लाल उजेड सोडायचा. चार-पाच मिनिटांत काम संपलं. ना टोचणं, ना दुखणं.

हे घडतं कसं? निळा रंग लाल उजेड गिळतो, म्हणून तर तो आपल्याला निळा दिसतो. गिळलेली शक्ती तो जवळच्या प्राणवायूला देतो. प्राणवायू क्षणभर भलताच तापट होतो आणि रंग ज्याला चिकटलेला असेल त्या जंतूचं कवच जाळून टाकतो. हा तापटपणा क्षणाच्याही बारीक अंशापुरता टिकतो, त्यामुळे मार दूरवर जात नाही. पुष्कळ प्रतिजैविकं जंतूच्या एखाद्याच जागी घाव घालतात. तेवढी जागा बदलली की जंतू निसटतो. इथं एकदम चहूबाजूंनी मार बसतो, म्हणून त्याला सवय करून घेणं फार अवघड जातं.

गुण किती आला? २०११-१२ मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवर हा उपाय झाला. आधीच्या वर्षांत हजारातल्या २७ जणांच्या जखमा चिघळत होत्या, आता १६ जणांच्या. मात्र याच रुग्णांचं अंगही जंतुनाशक औषधाच्या ओल्या कापडानं पुसलं होतं. म्हणजे श्रेय एकट्या उजेडाचं नाही, दोघांचं मिळून. शास्त्राचा हिशेब असा चोख ठेवावा लागतो.

पालकहो, ही झटापट कशासाठी, ते तुमच्याही कामाचं आहे. प्रतिजैविकं वाटेल तशी घेतली की जंतू निर्ढावतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मनानंच थांबवणं, उरलेल्या गोळ्या शेजारच्या पोराला देणं, सर्दीला 'जरा स्ट्राँग गोळी द्या' म्हणून दुकानदाराच्या मागे लागणं, हे आपल्या गावागावांत चालतं. मग खरी गरज पडते तेव्हा, म्हणजे आजोबांच्या गुडघ्याच्या वेळी, औषध लागू पडेनासं होतं. म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं 'लाल रेघ' मोहीम सुरू केली. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही आणि त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

या आठवड्याचे दोन उद्योग

१) निळ्या आणि लाल पेनानं कागदावर एकेक शब्द लिहा. चॉकलेटच्या लाल पारदर्शक कागदातून बघा. लाल शब्द पुसट होईल, निळा काळपट दिसेल. त्या निळ्या शाईनं लाल उजेड गिळला! (नाकात शाई किंवा कुणाच्या डोळ्यात लेझरचा उजेड मात्र चुकूनही नको.)

२) घरातल्या औषधांच्या डब्यात लाल रेघेची किती पाकिटं अर्धवट उरली आहेत, ते आईबाबांना सोबत घेऊन मोजा. आकडा वहीत लिहा आणि वर्गात सगळ्यांचे आकडे मिळवा. बेरीज पाहून काय वाटलं, ते तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना जरूर सांगा.