धुराडे : घरच्यांची अमानत, शेजाऱ्याचा हक्क



रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे : ‘मुलाने बर्मिंगहॅममध्ये जुने घर घेतले आहे. दिवाणखान्यात बरीच वर्षे बंद असलेली शेकोटीची जागा आहे. तिथे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी बसवायचा त्याचा विचार आहे. कारागीर म्हणतो, आधी धुराड्यात स्टीलची नळी सोडावी लागेल. धूर तर वरच जातो, मग हा जादा खर्च कशाला?’

प्रश्न एका घरापुरता नाही. कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत आणि तिथे एकाला एक लागून बांधलेली विटांची जुनी घरे पुष्कळ आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या घरांत खोलीखोलीत कोळसा जळत असे. विटांचे धुराडे आणि त्याला आतून चुन्याचा गिलावा, अशी रचना असे. धुरातील आम्ल व ओलावा यांमुळे हा गिलावा झडतो, विटांमधले सांधे भुसभुशीत होतात. बाहेरून धुराडे ठणठणीत दिसते, पण आतून ते झिजलेले असू शकते.

म्हणून ‘धूर वरच जातो’ हे अर्धेच खरे. धुराडे माडीवरच्या निजायच्या खोलीच्या भिंतीतून जाते. अनेकदा ही भिंत दोन घरांची सामाईक असते. फटींतून वायू आपल्या मुलांच्या खोलीत किंवा शेजाऱ्याच्या घरात शिरू शकतो. धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि माणसाला वाटते साधा ताप असेल. घरातल्या अनेकांना एकाच वेळी असे होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर लगेच सर्वांना घराबाहेर काढावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

यावर उपाय म्हणजे धुराड्याच्या आत लवचिक स्टेनलेस स्टीलची सलग नळी. प्रथम धुराडे झाडून घेतात. पक्ष्यांची घरटी, पडलेल्या विटांचे तुकडे काढतात. मग छपरावरून दोराच्या साहाय्याने नळी खाली उतरवतात. खालचे टोक शेगडीला जोडतात, वरचे पट्टीने पक्के करून त्यावर टोपी बसवतात. लाकूड-कोळशासाठी दुपदरी नळी लागते. गॅसच्या उपकरणाची एकपदरी नळी इथे चालत नाही. 316 दर्जाचे पोलाद सर्रास वापरतात, 904 दर्जाचे आम्लापुढे अधिक टिकते. नळीचा व्यास शेगडीच्या धूर निघण्याच्या तोंडापेक्षा कमी नसावा. तो बहुधा 150 मिलिमीटर असतो. नळीवर बाण असतो, त्याप्रमाणेच ती बसवावी.

ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात काम उरकण्याचा मोह टाळावा. इंग्लंडमध्ये हे काम इमारत नियमांच्या ‘भाग जे’खाली येते. ‘हेटास’कडे नोंदणी असलेला कारागीर स्वतः प्रमाणपत्र देऊ शकतो, अन्यथा स्थानिक इमारत नियंत्रण विभागाला आधी कळवावे लागते. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. घर भाड्याने दिले असेल, तर तिथे तो बसवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

नळी बसली म्हणजे काळजी संपली असे नाही. लाकूड चांगले वाळलेले असावे, त्यातील ओलावा वीस टक्क्यांहून कमी असावा. दर वर्षी धुराडे झाडून घ्यावे, रोज लाकूड जाळत असाल तर अधिक वेळा. रात्रभर शेगडी धुमसत ठेवण्याची सवय वाईट. त्याने नळीत डांबर साचते आणि पुढे ते पेट घेऊ शकते. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, ही शिकवण तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याला दिलेलीच आहे.

आपल्याकडे धुराडी नसली, तरी बंद न्हाणीघरातील गॅस गिझर आणि दारे लावून पेटवलेली कोळशाची शेगडी हाच वायू सोडतात. तिथेही हवा खेळती ठेवावी.

तेव्हा भगिनींनो, हा खर्च शेगडीच्या शोभेसाठी नाही. माडीवर निजलेली मुले आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत आणि भिंतीपलीकडचा शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला आपल्यापासून इजा होऊ नये हा त्याचा हक्क आहे. आधी नळी, मग शेगडी, असेच मुलाला कळवावे.