पावतीवरचा भाव

माधवनगरच्या मावशीच्या हळदीच्या ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस मीच केलाय. ग्राहक, माल, ऑर्डर, ऑर्डरच्या ओळी आणि जमा, अशी पाच टेबलं. भाव फक्त मालाच्या टेबलात. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे आपण १९७० सालच्या कॉडच्या पेपरपासून घोकत आलोय ना!

मावशीने भाव वाढवला आणि जुन्या सगळ्या पावत्यांचे आकडे बदलले. पूर्ण पैसे दिलेल्या एका काकूंच्या नावावर बाकी दिसायला लागली. त्यांचा फोन आला तेव्हा ओशाळली मावशी. चूक माझी होती. जुने भाव शेवटी तिच्या कागदी बिलबुकातून भरले.

सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव सौद्यागणिक बदलतो. पण आज भाव चढला म्हणून अडत्या कालची पट्टी खोडत नाही. मालाचा आजचा भाव आणि विकला तेव्हाचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे ऑर्डरच्या ओळीत भाव लिहिणं ही पुनरुक्ती नव्हे, नोंद आहे. जीएसटीचा दर आणि पाठवायचा पत्ता, यांचंही तेच.

नॉर्मलायझेशन जरूर करा हो. फक्त त्याआधी एकदा दुकानदाराची वही उघडून बघा.