सलून त्यांचं, खराटा आमचा

हिवरे बाजारचे बांध नि पाणी बघायला देशभरातून माणसं येतात. आम्ही चार पोरं तिथनं उलटी निघालो, दिल्लीचं रेल्वे म्युझियम बघायला. नगर स्टेशनात गाडीत घुसलो. ही दौंड-मनमाड लाईन. 1876-78 च्या दुष्काळात पोट खपाटीला गेलेल्या माणसांकडून हिचं मातीकाम करून घेतलं. त्याच काळात टेंपलसाहेबानं दुष्काळी कामावरच्या मजुरीचा दर बसवला : दिवसाला एक पौंड धान्य, वर एक आणा. 1878 ला लाईन सुरू झाली. आम्ही त्याच भरावावरून चाललो होतो, शेंगदाणे खात.

म्युझियम 1977 चं. 1875 चं प्रिन्स ऑफ वेल्सचं सलून, 1899 चं म्हैसूरच्या महाराजांचं सलून. राजाचं बूड टेकलं की लाकडाचाही वारसा होतो! इंजिनांना नावं आहेत. 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तेव्हा ओढणारी इंजिनं साहिब, सिंध, सुलतान. बोरघाटाच्या ठेकेदाराचं नाव ट्रेडवेल. तो 1859 ला मेला, बायकोनं काम पुढं नेलं, तिचंही नाव राहिलं. राहू दे. पण त्या घाटात कॉलऱ्यानं नि तापानं हजारो मजूर मेले, त्यातलं एक तरी नाव सांगा.

दोस्तहो, या म्युझियमात एक पत्र फार प्रसिद्ध आहे. 1909 चं, ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगालीबाबूचं. फणस खाऊन पोट फुगलं, बाबू स्टेशनावर संडासला बसले, गार्डानं शिट्टी मारली. एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर, पळता पळता बाबू आडवे! लोक पोट धरून हसतात. आम्हीपण हसलो, खोटं कशाला बोलू. या पत्रामुळे डब्यात संडास आले असं सांगतात. बरं झालं. पण डब्यातला गू रुळावर पडायचा, तो उचलला कुणी? त्याचं पत्र कुठल्या काचेत आहे?

2013 ला मैला उचलण्याविरुद्ध कायदा झाला. त्यातही रेल्वेच्या डब्याला पळवाट : ठरवून दिलेली साधनं नि हातमोजे वापरून साफ केला, तर तो संडास 'अस्वच्छ' धरायचा नाही. म्हणजे हातमोजा घातला की जात गेली! आता डब्यांखाली बायो-टॉयलेट आलेत. सफाईला ठेकेदार आलाय. खराटा कुणाच्या हातात आहे ते स्टेशनात जाऊन बघा, आडनावं विचारा.

परतताना मनमाड. इथंच 12-13 फेब्रुवारी 1938 ला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, दोन्ही दुश्मन, हे तिथंच सांगितलं. आणि हेही, की आपला माणूस गँगमनच राहतो, त्याला पोर्टर करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरगडी म्हणूनही राबवतो, आणि घरात विटाळ चालत नाही. रूळ मात्र चालतो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. त्या सलूनशेजारी एक खराटा ठेवा आणि गँगमनची पहार ठेवा. काच नको, दोरी नको. येणाऱ्या प्रत्येकाला ती पहार उचलायला लावा. फोटो नंतर.