घरून निघतानाच ठरवा, उठायचं कधी!

शुक्रवार संध्याकाळ. हिंजवडीहून सुटलेली कॅब डांगे चौकात रेंगाळतेय. अप्रेझलमध्ये मॅनेजरने मारलेला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'चा शिक्का डोक्यात घण घालतोय. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज येतो, 'नऊ वाजता, रावेत, पोकर!' मूड एकदम फ्रेश!

थांबा बॉस. पत्ते अजून पिसायचेत. पण तुमचा डाव या कॅबमध्येच सुरू झालाय.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायची पोकर अ‍ॅप्स बंद पडली. आता उरलं समोरासमोरचं टेबल. एक तर मित्राचा हॉल, नाहीतर वाकडहून रात्रीची बस पकडून पणजी आणि मांडवीतली कॅसिनोची बोट. हॉलमध्ये हरलात तर फार तर भांडी घासाल. (महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, तेव्हा घरी पैसे नकोतच!) बोटीवर मात्र समोरची प्रत्येक चिप म्हणजे फ्लॅटच्या हप्त्याचा तुकडा असतो. आणि कोणीही जिंको, कॅसिनो आपला वाटा काढून घेतंच.

सगळ्यात आधी गणित मनात पक्कं करा. हातात दोन एक्के यायची शक्यता २२१ डावांत एकदा. टेबलवर तासाला साधारण तीसेक डाव होतात. म्हणजे सात तास बसलात तरी एक्क्यांची जोडी एकदाही न दिसणं अगदी नॉर्मल आहे. बरं, आलीच आणि समोरच्याकडे दोन राजे निघाले, सगळ्या चिप्स मध्ये गेल्या, तरी शंभरात अठरा वेळा तुम्हीच हरणार. त्यात तुमची चूक काही नाही आणि त्याची हुशारीही नाही. हे घरी कळलेलं असलं, तर टेबलवर घाव कमी बसतो.

नाही कळलं तर होतो 'टिल्ट'. हा शब्द आला पिनबॉलच्या मशीनवरून. चिडून मशीन हलवलं की 'टिल्ट'चा दिवा पेटायचा आणि खेळ बंद! पोकरच्या टेबलवर असा दिवा नाही. तिथे चिडलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. उलट सगळे त्याला प्रेमाने म्हणतात, 'बस रे, आत्ता तर कुठे रात्र सुरू झालीय!'

जॅरेड टेंडलर हा अमेरिकन मेंटल कोच आधी गोल्फपटूंबरोबर काम करायचा. २०११ मध्ये त्याचं 'द मेंटल गेम ऑफ पोकर' हे पुस्तक आलं. त्यात त्याने टिल्टचे सात प्रकार सांगितलेत. 'माझ्यावरच अन्याय होतो' हा एक, 'याला तर दाखवतोच' हा दुसरा. ओळखीचे वाटले ना? वाटणारच. हे दोन्ही आपण ऑफिसातूनच डब्यासारखे बरोबर घेऊन येतो. मॅनेजरला देता न आलेलं उत्तर मग समोर बसलेल्या बिचाऱ्या मित्राला ब्लफ मारून दिलं जातं.

म्हणून तयारीचा फंडा साधा आहे. निघण्याआधी पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवा. पोटभर जेवा, आंघोळ करा, बास्केट ब्रिजपर्यंत एक चक्कर मारून या. मग एका कागदावर तीन गोष्टी लिहा. किती हरलो की उठायचं, तो आकडा. जिंकत असलो तरी किती वाजता उठायचं, ती वेळ. आणि आज डोक्यात कोणाचा राग आहे, त्याचं नाव. पहिल्या दोन गोष्टी घरी कोणाला तरी सांगून ठेवा. कारण रात्री दोन वाजता 'अजून एकच डाव' म्हणणारा माणूस आणि संध्याकाळी सात वाजता कागद लिहिणारा माणूस, हे दोघं वेगळे असतात. निर्णय सातवाल्याने घ्यायचा. दोनवाल्याने फक्त ऐकायचं.

आणि तिसऱ्या ओळीतलं नाव लिहिताना पेन जरा जास्तच जोरात दाबलं गेलं तर? तर ग्रुपवर लिहा, 'आज नाही जमणार, पुढच्या शुक्रवारी.' मित्र पाच मिनिटं चिडवतील, 'घाबरला रे!' चिडवू देत. पोकरमध्ये चांगला खेळाडू बहुतेक हात न खेळताच टाकून देतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. कधीकधी अख्खी रात्रच तशी टाकून द्यायची असते. एकही चिप न गमावता!