वारशाच्या बंदुकीला संग्राहकाचा परवाना हवा

कोकणात आणि देशावरही अनेक जुन्या घरांत आजोबांची बंदूक अजून आहे. कुणाकडे रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली काडतुशी, तर कुणाकडे शिकारीच्या काळातली दुनळी. परवाना आजोबांच्या नावावर. ते गेले, मुलं शहरात स्थिरावली, नूतनीकरणाची तारीख उलटून गेली आणि कपाटात तेल लावून ठेवलेली ती आठवण बेकायदा ठरली.

विनापरवाना बंदूक बाळगणं हा साधा दंड भरून सुटण्यासारखा गुन्हा नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. ही कडक शिक्षा योग्यच आहे, कारण गावठी कट्टे विकणाऱ्यांना धाक हवाच. पण तारीख विसरलेलं कुटुंब आणि कट्टेवाला एकाच रांगेत उभे राहता कामा नयेत.

१९५९च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी वाट आहे. कलम २१ प्रमाणे परवान्याची मुदत संपली की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ठरलेल्या मुदतीत नवा परवाना मिळाला तर ते परत मिळतं किंवा पात्र माणसाला विकता येतं, नाहीतर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होतं. २०१६च्या नियमांत तर परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. ही तरतूद घरोघरी ठाऊक असती, तर निम्मा घोळ टळला असता.

खरी अडचण पुढे आहे. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, पण एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच होती. वारसाहक्काने मिळणाऱ्या बंदुकांनाही हीच मर्यादा आहे. सवलत आहे ती विक्रेत्यांना आणि नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरणाऱ्या क्लबच्या सदस्यांना. इतिहास म्हणून शस्त्र जपणाऱ्याचा तिथे उल्लेखही नाही. कलम ४५ जुन्या शस्त्रांना सूट देतं, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशालाच. चालू स्थितीतली, नीट राखलेली बंदूक त्यात बसत नाही. म्हणजे गंजू दिली तर सूट मिळते आणि जपली तर नाही!

अमेरिकेत संग्राहकाचा वेगळा परवाना आहे. पन्नास वर्षांहून जुन्या किंवा संग्राह्य ठरलेल्या बंदुका जमवणाऱ्याला तो तीन वर्षांसाठी तीस डॉलर शुल्कात मिळतो. त्यावर धंदा करता येत नाही आणि घेतल्या-दिल्या प्रत्येक बंदुकीची नोंद वहीत ठेवावी लागते. मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत परवाना चालू राहतो, मुदत चुकली तर नव्याने अर्ज करावा लागतो. त्या देशातली बंदुकांची मोकळीक आपल्याला मुळीच नको, पण वहीची ही शिस्त घेण्यासारखी आहे.

केंद्राने संग्राहकाचा स्वतंत्र परवाना आणावा: काडतुसं अजिबात नाहीत, बंदूक कुलपात, नोंदवही सक्तीची आणि पोलिसांची ठरावीक तपासणी. मुदत उलटलेली शस्त्रं आपणहून दाखवणाऱ्यांसाठी गुन्हा न नोंदवता अर्ज घेण्याची एक निश्चित मुदतही जाहीर करावी. लपवलेली बंदूक चोराच्या हाती लागू शकते. नोंदलेल्या बंदुकीवर निदान पोलिसांची नजर राहते.

तोवर ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे, त्यांनी परवान्यावरची तारीख आजच पाहावी. ती उलटून गेली असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, विनाविलंब बंदूक जमा करावी आणि तिचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.