दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. रंग ओसरला, उरल्या नोंदी आणि छायाचित्रे. पुन्हा टिपता न येणारी अशी माहिती एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे म्हणजे निव्वळ जुगार. ‘रेड-१’ पद्धतीत दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. एक बंद पडली तरी काम थांबत नाही. पण दोन्ही एकाच लॉटमधल्या घेण्याची आपली सवय वाईट, कारण त्या मागेपुढे लगेच बिघडू शकतात. चुकून पुसलेली फाइल तर दोन्हींवरून एकदमच जाते. तिसरी प्रत हवीच, आणि तीही लोणारात नव्हे, निदान बुलडाण्याला.